जूनमधलं मिनेसोटा: एकाच तळ्यात सनी, नॉर्दर्न आणि वॉलाय

मिनेसोटात गळ टाकायला शिकायचं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंतचे दिवस धरावेत. बर्फ जाऊन महिना-दीड महिना झालेला असतो, पाणी ६० ते ७५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असतं आणि सनी, क्रॅपी, नॉर्दर्न पाइक, वॉलाय हे सगळे मासे काठापासून फार लांब गेलेले नसतात. जुलैत पाणी तापलं की मोठे मासे खोल उतरतात. मग त्यांच्यामागे जायला बोट लागते, पाण्याखालचा मासा दाखवणारं सोनार यंत्र लागतं. जूनमध्ये एक साधा रॉड, काठावरची किंवा फिशिंग पिअरवरची (पाण्यात आत गेलेल्या धक्क्यावरची) जागा आणि थोडी समज एवढ्यावर घरच्या तव्यापुरते मासे मिळतात.

ती समज एका जागेभोवती फिरते: पाण्याखालच्या गवताची कड. मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांत काठापासून आत गवत वाढत जातं आणि सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेनासा झाला की एकदम संपतं. गढूळ तळ्यात ही कड ६-७ फूट खोलीवर असते, स्वच्छ तळ्यात १५ फूट खोलीच्याही पलीकडे जाते. कडेच्या आतल्या बाजूला लहान मासे असतात, कडेवर त्यांना खाणारा पाइक असतो आणि बाहेर अर्धवट अंधारात वॉलाय थांबलेला असतो. संध्याकाळ झाली की तोही कडेवर येतो. मासा कुठला हवा आणि वेळ कुठली आहे, यावरून कडेच्या कुठल्या बाजूला गळ टाकायचा ते ठरतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा तपशील आहे.

आधी लायसन्स आणि नियम

मिनेसोटाच्या रहिवाशाला वयाच्या १६व्या वर्षापासून फिशिंग लायसन्स लागतं. ते डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा कुठल्याही बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, मिळतं. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि त्यांनाही हौस असते. त्यांच्यासाठी २४ तासांचं, ७२ तासांचं किंवा ७ दिवसांचं अनिवासी लायसन्स काढावं. ‘बाबा नुसता रॉड धरून बसलेत’ ही सबब चालत नाही. पाण्यात गळ ज्याच्या हातातून गेलाय तो मासेमारीच करतोय. मुलांना सुरुवात करून द्यायची असेल तर जूनमधला ‘टेक अ किड फिशिंग’ शनिवार-रविवार बघा. त्या दिवशी १५ वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असलेल्या रहिवासी पालकाला लायसन्स लागत नाही.

वॉलाय आणि पाइकचा हंगाम मेच्या मध्याच्या सुमारास एका शनिवारी उघडतो. सनी आणि क्रॅपी वर्षभर धरता येतात. उन्हाळ्यात राज्याच्या आतल्या तळ्यांवर एका माणसाला एकच गळ, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन रॉड लावून बसायची सवय इथे दंडाला कारण होते.

मापाचे नियम थोडे किचकट आहेत. वॉलायमध्ये २० इंचांपेक्षा मोठा एकच ठेवता येतो. पाइकसाठी २०१८पासून राज्याचे तीन विभाग आहेत. दक्षिण भागात दोनच पाइक ठेवता येतात आणि ते किमान २४ इंचांचे हवेत. उत्तर-मध्य भागात दहा ठेवता येतात, पण २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक मासा परत सोडायचा आणि २६ इंचांवरचे दोनांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. ईशान्य भागाचा नियम आणखी वेगळा आहे. सनीची राज्यभराची मर्यादा दिवसाला २० आहे, पण अनेक तळ्यांवर ती ५ किंवा १० केलेली आहे. मिल लॅक्ससारख्या तळ्याचे वॉलायचे नियम तर स्वतंत्रच असतात आणि बदलतही राहतात. त्यामुळे निघण्यापूर्वी डीएनआरच्या लेकफाइंडरवर आपल्या तळ्याचं नाव टाका. तिथेच खोलीचा नकाशा आणि त्या तळ्यात कुठले मासे किती सापडले त्याचा सर्व्हे मिळतो. नकाशावर रेषा जिथे दाटून जवळ आल्यात, तिथे तळ एकदम उतरतो. गवताची कड बहुधा तिथेच सापडते.

सामान: एक रॉड पुरतो

साडेसहा फुटांचा मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, त्यावर ६ पाउंडांची मोनोफिलामेंट दोरी. सनी आणि वॉलाय दोन्हींना हे चालतं. पाइकसाठी थोडा दणकट रॉड आणि १० ते १४ पाउंडांची दोरी असली तर बरं, पण सुरुवातीलाच खर्च करायची गरज नाही.

बाकी लहान वस्तू: ८ आणि ६ नंबरचे गळ, १/३२ आणि १/१६ औंसाचे जिग (डोक्यालाच वजन असलेले गळ), लहान बॉबर (पाण्यावर तरंगणारे फुगे), एक-दोन स्लिप बॉबर (दोरीवर सरकणारे), पाइकसाठी स्टीलचे लीडर (गळाच्या आधी बांधायची तार), लांब चोचीची पक्कड, रबराचं जाळं, मोजपट्टी. वजनं शिशाची घेऊ नका, कथलाची किंवा टंगस्टनची घ्या. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी तळातले खडे गिळतो, त्यांच्याबरोबर पडलेलं शिसंही गिळतो आणि विषबाधेने मरतो. दोन डॉलर जास्त गेले तरी चालतील, पण ही एक गोष्ट मी कुणालाही सांगायची सोडत नाही.

आमिषाला गांडूळ आणि जळू. बेट शॉपमध्ये ‘नाइटक्रॉलर’ आणि ‘लीच’ म्हणून मागा. जळू म्हटल्यावर अंगावर काटा येणाऱ्यांसाठी: आमिषाची रिबन लीच माणसाचं रक्त पीत नाही. ती बोटाला चिकटेल, सोडवून घ्यायची, एवढंच. दोन्ही डबे कूलरमध्ये गार ठेवा. गाडीत राहिले तर तासाभरात सगळं संपतं.

दुपार: काठाजवळ सनी आणि क्रॅपी

सुरुवात इथूनच करा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. मिनिआपोलिसमध्ये हॅरिएट, नोकोमिस, बडे माका स्का या तळ्यांवर सार्वजनिक फिशिंग पिअर आहेत. सेंट पॉलकडे फेलन आहे. पश्चिमेला मिनेटोंकाचे उपसागर सनीने भरलेले असतात.

पाणी ६७-७० अंशांच्या वर गेलं की ब्लूगिल, म्हणजे सनीचीच एक जात, अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. पाण्यावरची चकाकी घालवणारा पोलराइज्ड चष्मा लावून दोन-तीन फूट पाण्यात बघा. वाळूवर किंवा बारीक खडीवर फूटभर रुंदीचे फिकट गोल खळगे एकाला एक लागून दिसतात. प्रत्येक खळग्यावर एक नर थांबलेला असतो. शेपटीने तळ झाडत, जवळ आलेल्या प्रत्येकाला हुसकावत तो अंडी आणि पिल्लं राखतो. मादी अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते.

८ नंबरच्या गळाला इंचभर गांडूळ ओवा. अख्खं लावू नका. सनीचं तोंड एवढंसं असतं, तो शेपूट कुरतडून नेतो आणि गळ रिकामा येतो. गळाच्या सहा इंच वर एक बारीक वजन, त्याच्या वर दोन फुटांवर बॉबर. बॉबर जेवढा लहान तेवढा चांगला. मोठा फुगा पाण्याखाली ओढताना माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो. बॉबर थरथरला तर थांबा, तिरका होऊन सरकायला लागला की मनगटानेच हलका झटका द्या.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. खळग्यावरचा सगळ्यात मोठा, तांबूस छातीचा, जाड कपाळाचा नर सहज गळाला लागतो आणि बादलीत तोच सगळ्यात छान दिसतो. त्याला सोडा. मोठे नर तळ्यातून जात राहिले की लहान नरांना वाढण्याचं कारण उरत नाही. मोठा राखणदार नसेल तर चार-पाच इंचांचा नरही लवकर वयात येतो, सगळी ताकद प्रजननाकडे जाते आणि त्याची वाढ खुंटते. काही वर्षांत त्या तळ्यात हाताएवढे सनी दिसेनासे होतात. काही तळ्यांवरची मर्यादा कमी करण्यामागे हेच कारण आहे. सहा-सात इंचांचे ठेवा, आठच्या पुढचे परत सोडा. तव्यावर सात इंचांचा पुरेसा होतो.

क्रॅपी सनीच्या थोडा आधी अंडी घालतो, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर तो लव्हाळ्यांतून निघून गवताच्या शेंड्यांवर, मधल्या पाण्यात तरंगत असतो. त्याचे डोळे वरच्या बाजूला बघतात. आमिष त्याच्या वर असलं पाहिजे. खाली गेलं तर तो वळूनही बघत नाही. १/३२ औंसाचा जिग बॉबरखाली लावून गवताच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा, हळू ओढा, थांबा, परत ओढा. त्याच्या ओठांची कातडी कागदासारखी पातळ असते, जोराचा झटका दिला तर फाटते. सूर्य मावळण्याआधीचा तास क्रॅपीचा.

ढगाळ सकाळ: कडेवरचा नॉर्दर्न

पाइक लपून बसतो आणि झडप घालतो. गवतात तोंड बाहेर काढून उभा राहतो, अंगावरच्या फिकट ठिपक्यांमुळे हिरव्या पाण्यात दिसत नाही. लहान पाइक गवताच्या आत कुठेही असतात. मोठ्याला गार पाणी लागतं, म्हणून तो कडेच्या बाहेरच्या अंगाला, ८ ते १२ फूट खोलीवर, जमिनीचं टोक जिथे आत घुसलंय किंवा ओढा येऊन मिळतोय अशा ठिकाणी शोधावा.

दोरीच्या टोकाला नऊ ते बारा इंचांचा स्टीलचा लीडर बांधलाच पाहिजे. त्याच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही, आणि तुटली तर माशाच्या तोंडात तीन आकड्यांचा गळ तसाच राहतो. आमिषात लाल-पांढरा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं खोटं आमिष, अजून कुणाला हरला नाही. तो टाका, तीन आकडे मोजेपर्यंत बुडू द्या, कडेला समांतर ओढत आणा. गवतावर आडवा ओढलात तर दर वेळी शेवाळ घेऊन येईल. समांतर ओढला की तो शंभर फूट माशांच्या तोंडासमोरून जातो. एकसारख्या वेगाने ओढू नका. मधेच दोन सेकंद थांबा, चमचा फडफडत खाली जाऊ द्या. धक्का बहुतेक वेळा तेव्हाच बसतो. गवत दाट असेल तर चमच्याऐवजी स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं खोटं आमिष) वापरा, त्याचा गळ वर तोंड करून असल्याने कमी अडकतो.

मासा मागे मागे येऊन पायाशी थांबला आणि घेतला नाही, असं होतं. अशा वेळी ओढायचा वेग वाढवा. पळणारं भक्ष्य त्याला सोडवत नाही.

पाइक हाताळणं नवख्याला अवघड जातं. जाळ्यात, पाण्यातच ठेवा. पक्कड तयार ठेवा. डोळ्यांत बोटं घालून उचलण्याची जुनी पद्धत माशाला आंधळा करते, ती नको. उचलायचाच असेल तर गालफडाच्या झाकणाखालून, कल्ल्यांना न शिवता, बोटं जबड्याकडे सरकवून धरा आणि दुसरा हात पोटाखाली. एक फोटो, आणि पाण्यात. पाणी ७५ अंशांच्या वर गेलं असेल तर मोठ्या पाइकच्या मागे लागूच नका. झुंज दिल्यावर तो सोडला तरी अनेकदा जगत नाही.

तिन्हीसांज: वॉलाय

वॉलाय १९६५पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे, आणि इथल्या माणसाला खाण्याच्या माशांत त्याच्यापुढे दुसरा दिसत नाही. सोनेरी अंग, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि काचेसारखे डोळे. डोळ्याच्या मागे प्रकाश परत फेकणारा थर असल्याने त्याला कमी उजेडात पर्च या लहान माशापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, आणि पर्च हेच त्याचं आवडतं खाणं. भर उन्हात शांत पाण्यावर तो मिळणं कठीण. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या, ढग आले की दुपारीही मिळतो. ज्या काठावर वारा येऊन आदळतोय त्याच काठावर उभे राहा, केस विस्कटले तरी.

जूनमध्ये मिनिआपोलिसला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. आठला जागेवर असा. कडेच्या बाहेर, १० ते १५ फूट पाण्यात, जिथे वाळू किंवा खडीचा तळ आहे अशी जागा धरा. पिअर खोल पाण्यापर्यंत जात असेल तर त्याचं टोक.

स्लिप बॉबर असा लावा: आधी दोरीवर छोटी गाठ, मग मणी, मग बॉबर, मग वजन आणि शेवटी ६ नंबरचा गळ. गाठ सरकवली की खोली बदलते. पहिल्यांदा गळाला जड वजन अडकवून तळ किती खोल आहे ते मोजून घ्या, मग गाठ अशी सरकवा की आमिष तळापासून फूटभर वर लटकेल. या एका मोजणीत बहुतेक लोक आळस करतात आणि रात्रभर चुकीच्या खोलीवर बसतात. जळू तिच्या रुंद टोकाकडच्या चूषकातून ओवा. तशी ओवली तर ती पोहत राहते, मधोमध टोचली तर गोळा होऊन पडते.

बॉबर बुडाला की लगेच ओढू नका. रॉडचं टोक खाली करा, सैल दोरी गुंडाळा, वजन हाताला लागलं की लांब, सलग ओढ द्या. वॉलाय उसळ्या मारत नाही, तळाकडे डोकं खाली घालून झटके देतो. घाई केली नाहीत तर तो तुमचाच आहे.

बोट असेल तर लिंडी रिग लावून कडेच्या बाहेरून ताशी मैलाच्या आसपास वेगाने सरकत राहणं हा जूनमधला उत्तम मार्ग आहे. दोरीवर सरकणारं वजन, त्याच्यामागे तीन-चार फूट मोकळी दोरी आणि गांडूळ. चावा जाणवला की दोरी सैल सोडा, त्याला वजन कळता कामा नये.

महिन्याच्या मध्यात मेफ्लाय या किड्याची पिल्लं तळाच्या चिखलातून वर येतात तेव्हा वॉलाय त्यांच्यावरच ताव मारतो आणि आमिषाकडे बघत नाही. पाण्यावर त्यांनी टाकलेली कात तरंगताना दिसली तर मोठं आमिष काढून अर्धं गांडूळ छोट्या जिगवर लावा आणि चिखलाचा उतार जिथे खडीला लागतो तिथे टाका. तरीही मिळाला नाही तर सनीकडे वळा.

निघताना

बोटीत दहा वर्षांखालच्या मुलाच्या अंगावर लाइफ जॅकेट असणं कायद्याने सक्तीचं आहे. ढग गडगडला की लगेच काठ गाठा. पाण्यावरचा लांब ग्राफाइटचा रॉड वीज ओढतो. तळ्यावर असताना मासा कापू नका, लांबी मोजता आली पाहिजे.

बोट बाहेर काढल्यावर तळातलं बूच काढून सगळं पाणी सांडा आणि बूच काढलेलंच ठेवून गाडी चालवा, हाही कायदा आहे. बाहेरून आलेल्या, तळी बिघडवणाऱ्या झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं बादलीभर पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. ट्रेलरला लटकलेलं गवतही काढा.

उरलेली गांडुळं हा आपल्या लोकांचा नाजूक मुद्दा. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे शाळेपासून मनावर ठसलेलं, त्यामुळे डबा झाडाखाली रिकामा करताना पुण्य केल्यासारखं वाटतं. पण हिमयुगानंतर मिनेसोटाच्या जंगलात गांडूळच नव्हतं. इथली सगळी बाहेरून आलेली आहेत. ती जंगलाचा पालापाचोळा खाऊन टाकतात आणि त्या थरावर जगणारी रानफुलं, रोपं नाहीशी होतात. उरलेली गांडुळं आणि जळवा पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

घरी: कापणं आणि तवा

मासा बर्फात ठेवून आणा. सनी आपल्या पद्धतीने अख्खाच करा. खवले काढा, पोट साफ करा, डोकं काढा, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या. वॉलायचे फिले, म्हणजे पाठीच्या काट्यापासून सोडवलेले मांसाचे लांब काप, काढा आणि डोकं टाकण्याआधी दोन्ही गालांचे नाण्याएवढे तुकडे सुरीच्या टोकाने काढून घ्या.

पाइक काट्यांमुळे बदनाम आहे. कारण फक्त एक: बरगड्यांच्या वर, फिलेच्या मधून, वाय आकाराच्या काट्यांची एक ओळ जाते. फिले कातडी खाली ठेवून पाटावर पसरा आणि बोटाचं टोक डोक्याकडून शेपटीकडे फिरवा. काट्यांची टोकं टोचतात तिथे बोट थांबवा. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी, काट्यांचा तिरकेपणा धरून, सुरी कातडीपर्यंत न्या आणि मधली पट्टी उचलून काढा. शेपटीकडचा भाग तर मुळातच बिनकाट्याचा असतो. ती पट्टी फेकू नका, रश्श्याला कामी येते. ज्यांनी रोहू खाल्लाय त्यांना पाइकची भीती वाटण्याचं कारण नाही.

किती खायचा याबाबत राज्याच्या आरोग्य विभागाचा सल्ला पाऱ्यामुळे आहे. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रिया आणि १५ वर्षांखालची मुलं यांनी सनी-क्रॅपी आठवड्यातून एकदा, २० इंचांखालचा वॉलाय आणि ३० इंचांखालचा पाइक महिन्यातून एकदा खावा, त्याहून मोठे खाऊ नयेत. मोठे मासे परत सोडण्याला हे आणखी एक कारण आहे.

सनीला हळद, मीठ, लाल तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचा आगळ लावून अर्धा तास ठेवा, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस तळा. पाइकचे तुकडे नारळाच्या कालवणात घाला, त्याचं मांस घट्ट असतं आणि फुटत नाही. वॉलायला मसाला कमी लावा. नुसतं मीठ, हळद, चिमूटभर तिखट आणि रव्याचा पातळ थर. मध्यम आचेवर एका बाजूने दोन-तीन मिनिटं. गालाचे तुकडे तव्यावर सगळ्यात शेवटी टाका, ते मिनिटभरात होतात.